माध्यमिक शिक्षक प्रशिक्षणासाठी पदवीची पात्रता (महाराष्ट्र)

माध्यमिक शिक्षक प्रशिक्षणासाठी पदवीची पात्रता म्हणजे शिक्षणशास्त्र पदवी (बी.एड.) अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा यासाठी उमेदवाराच्या आधीच्या विद्यापीठीय पदवीने पूर्ण करावयाच्या अटी होत. महाराष्ट्रात या अटी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे विनियम आणि राज्य शासनाचे प्रवेश नियम यांवरून ठरतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, त्या पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत किमान ५० टक्के गुण (राज्यातील मागास प्रवर्गांसाठी ४५ टक्के) आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा या त्यांतील प्रमुख अटी आहेत.

प्रशिक्षणास प्रवेश मिळण्याची पात्रता आणि शिक्षक म्हणून नियुक्त होण्याची पात्रता या दोन वेगळ्या बाबी आहेत. पदवी प्रशिक्षणाला पुरेशी असली, तरी त्या पदवीचा विषय शाळेत शिकविला जात नसेल किंवा भरतीच्या वेळी लागणाऱ्या अन्य परीक्षा दिलेल्या नसतील, तर प्रशिक्षित उमेदवारालाही पद मिळत नाही. म्हणून या विषयाचा विचार प्रवेश, प्रशिक्षण आणि नियुक्ती अशा तीन टप्प्यांत करावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिक्षकांना अध्यापनाचे शिक्षण द्यावे, ही शिफारस १८५४ च्या वुडच्या खलित्यात आढळते. तथापि माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्या पदवीधराला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज आहे का, हा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ वादाचा राहिला. विषयाचे ज्ञान असले की तो शिकविता येतो, असा समज प्रबळ होता. १८८२ च्या हंटर आयोगाने यातून मध्यममार्ग सुचविला. अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष सराव यांचे शिक्षण पदवीधरांनाही द्यावे, मात्र त्यांचा अभ्यासक्रम इतरांपेक्षा कमी मुदतीचा असावा, असे आयोगाचे मत होते. लॉर्ड कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने हा भेद अधिक स्पष्ट केला. पदवीधरांसाठी एक वर्षाचे आणि पदवी नसलेल्यांसाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण असावे, असे त्यात म्हटले होते. पदवीधराने एका वर्षात प्रशिक्षण पुरे करावयाचे, ही पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकलेली पद्धत या विचारातून आली.

मुंबई इलाख्यात १९०६ साली मुंबईमध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी शासकीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. पुढे मुंबई विद्यापीठाने पदवीधर शिक्षकांसाठी बी.टी. ही पदवी देण्यास प्रारंभ केला. जुन्या पिढीतील अनेक शिक्षकांच्या नावापुढे ‘बी.ए., बी.टी.’ अशी अक्षरे दिसतात, ती या पदवीची. पुण्यात १९४१ साली टिळक शिक्षणशास्त्र महाविद्यालय स्थापन झाले. रयत शिक्षण संस्थेने १९५५ साली साताऱ्यात आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय सुरू केले. कोल्हापूरचे श्री महाराणी ताराबाई शासकीय अध्यापक महाविद्यालय हेही दक्षिण महाराष्ट्रातील जुने केंद्र होय. अशा संस्थांमुळे ग्रामीण भागांतील पदवीधरांना मुंबईस न जाता प्रशिक्षण घेता येऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात बी.टी. हे नाव मागे पडून बी.एड. हे नाव रूढ झाले. सेवाविषयक नियमांत या दोन्ही पदव्या एकाच श्रेणीच्या मानल्या जातात.

माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३, अध्यक्ष : ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार) पदवीधरांचे प्रशिक्षण एक शैक्षणिक वर्षाचे ठेवून कालांतराने ते दोन वर्षांचे करण्याची कल्पना मांडली होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) एका वर्षाच्या अभ्यासक्रमातील कामाचे दिवस वाढविण्यावर भर दिला. भोपाळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयाने बारावीनंतर पदवी व प्रशिक्षण एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालविला. आज प्रादेशिक शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवा यांचाही समावेश आहे.

कायदेशीर चौकट

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ पासून केवळ सल्लागार मंडळ म्हणून अस्तित्वात होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियम, १९९३ अन्वये तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९५ पासून ती त्या स्वरूपात कार्य करू लागली. या अधिनियमानुसार शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चालविण्यासाठी प्रत्येक संस्थेला परिषदेची मान्यता घ्यावी लागते. अशी मान्यता असल्याशिवाय विद्यापीठाला त्या संस्थेस संलग्नता देता येत नाही. मान्यता नसलेल्या किंवा मान्यता काढून घेतलेल्या संस्थेतून त्यानंतर मिळविलेली प्रशिक्षणाची अर्हता शासकीय व अनुदानित शाळांतील नोकरीसाठी वैध मानली जात नाही.

परिषदेने २०१४ साली केलेल्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. ही रचना २०१५–१६ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. या बदलामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता आणि त्या आयोगाचे मूळ महाराष्ट्रातील एका वादात होते. राज्यातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेवरून निर्माण झालेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्यावेळी न्यायालयाने देशातील शिक्षक प्रशिक्षणाच्या एकूण स्थितीची तपासणी करण्यासाठी हा आयोग नेमला. दोन वर्षांच्या रचनेपूर्वी नियमानुसार मिळविलेली एक वर्षाची बी.एड. पदवी मात्र आजही पूर्णपणे वैध आहे.

महाराष्ट्रातील खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशाचे नियमन २०१५ च्या राज्य अधिनियमाने होते. प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत राबविली जाते.

पदवीविषयक अटी

पदवीचा प्रकार. उमेदवाराची पदवी कायद्याने स्थापन झालेल्या किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ अशा विद्यापीठांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. त्या संस्थांच्या प्रमाणपत्रावर ‘पदवी’ हा शब्द असला, तरी ते प्रवेशासाठी ग्राह्य धरले जात नाही.

गुणांची अट. राष्ट्रीय विनियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा मानव्यविद्या यांतील पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत किमान ५० टक्के गुण आवश्यक आहेत. अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी विज्ञान व गणित यांतील विशेषीकरणासह ५५ टक्के गुणांची अट आहे. समतुल्य अर्हतेचाही विनियमांत उल्लेख आहे. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेचे पदवीधरही बी.एड. प्रवेशासाठी अर्ज करतात.

यातील ‘पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत’ हा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, एखाद्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला बी.ए.च्या एकूण २,४०० गुणांपैकी १,१७६ गुण आहेत. ही टक्केवारी ४९ होते आणि केवळ या पदवीवर तो पात्र ठरत नाही. त्यानेच पुढे एम.ए. परीक्षेत ५५ टक्के गुण मिळविले असतील, तर पदव्युत्तर पदवीच्या आधारे तो पात्र ठरतो. म्हणजे पदवीला कमी गुण असल्याने प्रशिक्षणाचा मार्ग कायमचा बंद होतो, असे नाही. काही विद्यापीठांत श्रेणीसुधार परीक्षेचीही सोय असते. त्या परीक्षेचे नियम संबंधित विद्यापीठाकडून समजून घ्यावे लागतात.

मागास प्रवर्गांसाठी सवलत. महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांच्या उमेदवारांना किमान गुण ४५ टक्के आहेत. ही सवलत राज्यातील उमेदवारांपुरती मर्यादित आहे. परराज्यातील मागास प्रवर्गाच्या उमेदवाराचा विचार येथे खुल्या प्रवर्गातून होतो. सवलत मिळण्यासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करावे लागते. काही प्रवर्गांसाठी उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही लागते. ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान गुण असलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने ही कागदपत्रे निर्णायक ठरतात. ती वेळेत न मिळाल्यास त्याची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि तेथील ५० टक्क्यांची अट तो पूर्ण करीत नाही.

श्रेणी आणि टक्केवारी. श्रेयांक पद्धतीच्या गुणपत्रिकेवर कित्येकदा टक्केवारी नसते, केवळ श्रेणीगुणांची सरासरी असते. तिचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते. त्यामुळे उमेदवाराने स्वतः गणित न मांडता आपल्या विद्यापीठाचे रूपांतर प्रमाणपत्र घेणे आवश्यक असते.

अंतिम वर्षाचे विद्यार्थी. पदवीच्या अंतिम वर्षाला असलेला विद्यार्थी प्रवेश परीक्षा देऊ शकतो. प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी मात्र त्याचा निकाल लागलेला असणे आणि आवश्यक गुण मिळालेले असणे बंधनकारक आहे.

मुक्त, दूरस्थ आणि परदेशी पदव्या

मुक्त विद्यापीठाची पदवी बी.एड. प्रवेशाला चालते का, हा ग्रामीण भागात वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९, नाशिक) हे राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतीने दिलेली पदवी नियमित पद्धतीच्या त्याच स्तरावरील पदवीशी समतुल्य मानली जाते. त्यामुळे शेती, मजुरी किंवा घरकाम सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेला उमेदवार केवळ त्या कारणाने अपात्र ठरत नाही.

पदव्युत्तर पदवी मात्र पदवीच्या पायावर उभी असावी लागते. मूलभूत पदवी न घेता थेट मुक्त विद्यापीठातून मिळविलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात २००९ साली स्पष्ट केले.

परदेशातील पदवी असल्यास तिच्या समतुल्यतेचे प्रमाणपत्र लागते. हे काम अनेक वर्षे भारतीय विश्वविद्यालय संघ करीत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली या विषयासाठी स्वतंत्र विनियम केले आहेत.

पदवी दूरस्थ पद्धतीने घेणे आणि प्रशिक्षण दूरस्थ पद्धतीने घेणे, या दोन गोष्टींची गल्लत होते. दूरस्थ पद्धतीचा बी.एड. अभ्यासक्रम सर्व पदवीधरांसाठी खुला नाही. ज्यांनी प्राथमिक स्तराचे शिक्षक प्रशिक्षण आधीच नियमित पद्धतीने पूर्ण केले आहे, अशा मुख्यतः सेवेतील शिक्षकांसाठी तो असतो. कोणतेही पूर्वप्रशिक्षण नसलेल्या पदवीधराला ‘घरबसल्या बी.एड.’ देण्याची जाहिरात या नियमाशी विसंगत ठरते.

प्रवेश परीक्षा

अलीकडील वर्षांत महाराष्ट्राची बी.एड. सामाईक प्रवेश परीक्षा संगणकावर घेतली जाते. तीत १०० गुणांचे १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असून वेळ ९० मिनिटे असतो. बौद्धिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असल्यास इंग्रजी भाषेची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते.

या परीक्षेतील गुण आणि पदवीचे गुण यांची कार्ये वेगळी आहेत. पदवीच्या गुणांवरून उमेदवार पात्र आहे की नाही, हे ठरते. पात्र उमेदवारांतील क्रम प्रवेश परीक्षेतील गुणांवरून लागतो. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळाले, तरी पदवीतील कमतरता त्यामुळे भरून निघत नाही. परीक्षेला बसू दिले, म्हणजे पात्रता मान्य झाली, असाही त्याचा अर्थ होत नाही. अर्जातील माहितीची पडताळणी प्रवेशाच्या टप्प्यावर मूळ कागदपत्रांवरून होते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शिक्षणाचा तात्त्विक विचार, अभ्यासक्रम व अध्यापनशास्त्र आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असे तीन मुख्य भाग आहेत. प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत तो पूर्ण करावा लागतो. वर्षात किमान २०० दिवस काम होणे अपेक्षित आहे. सैद्धांतिक व प्रात्यक्षिक कामासाठी ८० टक्के आणि शालेय छात्रसेवाकालासाठी ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. शाळेशी निगडित कामाचा काळ एकूण २० आठवड्यांचा असून त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात.

छात्राध्यापक प्रथम सूक्ष्म अध्यापनातून प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देणे यांसारखी एकेक कौशल्ये हाताळतो. नंतर पाठ टाचण तयार करून प्रत्यक्ष वर्गात सराव पाठ घेतो. हे पाठ त्याने निवडलेल्या शालेय विषयाच्या अध्यापन पद्धतीतील असतात. पदवीचा विषय येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो, कारण अध्यापन पद्धतीची निवड साधारणपणे पदवीला अभ्यासलेल्या विषयांवरून होते.

पदवीचा विषय आणि शाळेतील विषय

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववी व दहावीच्या वर्गांत भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हे प्रमुख विषय आहेत. विद्यापीठांतून मात्र याहून कितीतरी अधिक विषयांत पदवी घेता येते. या तफावतीचा परिणाम नोकरीच्या वेळी दिसतो.

• मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत यांसारख्या भाषांतील पदवीधरांना त्या त्या भाषेच्या अध्यापनाची संधी असते.
• इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांचे पदवीधर सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाकडे वळतात.
• गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांतील पदवी गणित किंवा विज्ञानाच्या पदासाठी उपयोगी पडते.
• समाजशास्त्र, मानसशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय अकरावी–बारावीला असले, तरी नववी–दहावीला स्वतंत्र विषय म्हणून शिकविले जात नाहीत.
• वाणिज्य शाखेचे विषयही प्रामुख्याने अकरावी–बारावीच्या स्तरावर येतात.

अकरावी–बारावीला शिकविण्यासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. या दोहोंची आवश्यकता असते. त्यामुळे वाणिज्य पदवीधराने केवळ बी.कॉम. व बी.एड. केल्यास तो प्रशिक्षित पदवीधर ठरतो, परंतु त्याच्या विषयाचे पद ज्या स्तरावर आहे, तेथे एम.कॉम. नसल्याने तो पोहोचत नाही. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्यांची स्थितीही अशीच होते. अशा उमेदवारांनी प्रशिक्षणापूर्वीच पुढील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करणे हितावह ठरते.

नियुक्तीची पात्रता

माध्यमिक शिक्षकासाठीची किमान अर्हता परिषदेने २०१४ च्या स्वतंत्र विनियमांनी निश्चित केली आहे. तीत पदवी किंवा पदव्युत्तर पदवीतील आवश्यक गुण आणि मान्यताप्राप्त संस्थेची बी.एड. अथवा चार वर्षांची एकात्मिक शिक्षक पदवी यांचा समावेश होतो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांना याशिवाय महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. नियमावलीच्या अनुसूची ‘ब’मध्ये शैक्षणिक अर्हता आणि अनुसूची ‘फ’मध्ये सेवाज्येष्ठतेचे प्रवर्ग दिले आहेत.

प्रशिक्षित पदवीधर उपलब्ध नसल्यास अपवादात्मक परिस्थितीत शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने अप्रशिक्षित पदवीधराची नेमणूक करण्याची तरतूद १९८१ च्या नियमावलीत आहे. ही नेमणूक एकेका वर्षापुरती असते आणि प्रशिक्षित शिक्षक मिळताच ती जागा त्याला द्यावी लागते. केवळ पदवीच्या आधारे अनेक वर्षे शिकविल्याने प्रशिक्षणाची अट आपोआप पूर्ण होत नाही.

राज्यात अनेक माध्यमिक शाळा पाचवी ते दहावीच्या आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ लागू झाल्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ती डिसेंबर २०१३ मध्ये प्रथम घेण्यात आली. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, तर मागास प्रवर्गांसाठी ५५ टक्के गुण लागतात. बी.एड. झालेल्या उमेदवाराला सहावी ते आठवीच्या पदासाठी दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. बी.एड.च्या आधारे पहिली ते पाचवीच्या पदासाठी पात्र ठरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात दिला.

शिक्षक भरतीसाठी २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र संगणक प्रणाली यांचा वापर होतो. अभियोग्यता चाचणी २०० गुणांची आहे. निवड झालेला उमेदवार आरंभी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करतो. माध्यमिक स्तरावरील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये दरमहा १८,००० रुपये करण्यात आले.

वैराग व सोलापूर जिल्हा

सोलापूर जिल्ह्यातील पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर त्यांच्या वयानुसार वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे आढळतात. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाल्यावर जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्या विद्यापीठाशी जोडली गेली. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ साली त्याचे नाव ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असे झाले. त्यामुळे एकाच कुटुंबातील दोन पदवीधरांची प्रमाणपत्रे वेगळ्या विद्यापीठांची असू शकतात. एकाच उमेदवाराच्या बी.ए. व एम.ए. प्रमाणपत्रांवर विद्यापीठाचे जुने आणि नवे अशी दोन नावे असणेही शक्य आहे. नावातील या बदलाने पदवीची वैधता बदलत नाही.

वैराग हे बार्शी तालुक्यातील मोठे बाजारपेठेचे गाव बार्शी–सोलापूर रस्त्यावर आहे. या परिसरातील विद्यार्थ्यांना शिक्षणशास्त्र महाविद्यालयासाठी बार्शी व सोलापूर ही दोन्ही ठिकाणे जवळची आहेत. कर्मवीर डॉ. मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय बार्शीत आहे. सोलापूर शहरात कस्तुरबाई शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यापासून आणि उपस्थितीची अट काटेकोर असल्याने, रोज एसटीने ये-जा करणाऱ्या किंवा घरच्या शेतीत हातभार लावणाऱ्या विद्यार्थ्याला या काळात दुसरे नियमित काम करणे अवघड जाते. त्यामुळे प्रवेशाचा निर्णय हा दोन वर्षांच्या खर्चाबरोबरच त्या काळात बुडणाऱ्या उत्पन्नाचाही असतो.

वैराग धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तेथून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयात प्रवेश घेता येतो, मात्र त्याला मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. जिल्ह्याची दक्षिण सीमा कर्नाटकाला लागून आहे. कर्नाटकातील महाविद्यालयातून प्रशिक्षण घेतल्यास त्या संस्थेला संबंधित वर्षी राष्ट्रीय परिषदेची मान्यता होती का, हे तपासणे आवश्यक ठरते.

सामान्य गैरसमज

• ‘कोणतीही पदवी चालते.’ पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची असावी लागते आणि तीत अथवा पदव्युत्तर पदवीत किमान गुण असावे लागतात.
• ‘पदवीला ५० टक्के नसतील, तर बी.एड. करताच येत नाही.’ पदव्युत्तर पदवीतील गुणांच्या आधारेही पात्रता सिद्ध करता येते.
• ‘मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम असते.’ मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी समतुल्य आहे.
• ‘बी.एड. झाले की पहिलीपासून दहावीपर्यंत कोठेही शिकविता येते.’ पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता नाही आणि सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागते.
• ‘बी.एड. सर्व प्रकारच्या शिक्षकांसाठी असते.’ शारीरिक शिक्षण व चित्रकला या विषयांचे प्रशिक्षण स्वतंत्र आहे. विशेष शिक्षणाच्या बी.एड. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते.

बदलती धोरणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे उद्दिष्ट आहे. एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम २०२३–२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला असून त्याचा प्रवेश बारावीनंतर राष्ट्रीय स्तरावरील सामाईक परीक्षेद्वारे होतो. ज्यांनी अन्य विषयात तीन वर्षांची पदवी घेतली आहे, त्यांच्यासाठी दोन वर्षांची बी.एड. आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाची बी.एड. अशी योजना धोरणात आहे. परिषदेने या दिशेने नव्या विनियमांचा मसुदा २०२५ साली प्रसिद्ध केला. याखेरीज ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी तीन वर्षांचा एकात्मिक बी.एड.–एम.एड. अभ्यासक्रमही २०१४ च्या विनियमांत आहे.

या बदलांमुळे आधी पदवी आणि मग शिक्षक होण्याचा निर्णय, हा आजवरचा क्रम काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत बदलेल. बारावीच्या टप्प्यावरच अध्यापनाची वाट निवडण्याची सोय वाढेल. मात्र पदवीनंतर या क्षेत्राकडे वळणाऱ्यांसाठी, विशेषतः उशिरा शिक्षण पूर्ण करणाऱ्या ग्रामीण स्त्रिया आणि मुक्त विद्यापीठाचे पदवीधर यांच्यासाठी, पदवीनंतरची बी.एड. हाच शिक्षकी पेशात येण्याचा प्रमुख मार्ग राहतो. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा, त्या वर्षीची राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची माहितीपुस्तिका प्रमाण मानली जाते.

हेही पाहा

• राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद
• पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ
• यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
• शिक्षक पात्रता परीक्षा
• कोठारी आयोग
• वैराग